हँडब्रेक लागलेला असताना ट्रॅक्टर चालला, आता काय काय तपासायचं?

कादवाकाठ

ट्रॅक्टर ४५ एचपी, टू-व्हील ड्राइव्ह, ब्रेक तेलातले (तेलात बुडालेल्या प्लेटांचे), मागचे टायर १३.६-२८. लासलगावला बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीसाठी रांगेत उभा होता तेव्हा हँडब्रेक लावलेला. ट्रॉली रिकामी झाल्यावर ड्रायव्हर तसाच निघाला आणि विंचूरपर्यंत गेला. रांगेत दहा-दहा फूट पुढे सरकताना किती वेळा ब्रेक सुटला नि किती वेळा नाही, हे सांगता येत नाही. जळका वास आला तेव्हा बाजूला घेऊन थांबवला.

थांबवला तेव्हा उजवीकडचं ब्रेकचं हौजिंग हात जवळ नेता येईना इतकं तापलेलं होतं, डावीकडचं नुसतं कोमट. वाटेत स्टिअरिंग उजवीकडे ओढत होतं असं ड्रायव्हर सांगतो. डिपस्टिकवरचं तेल नेहमीपेक्षा काळपट दिसतंय. गार झाल्यावर ब्रेक लागतात, लिफ्टही उचलते.

विचारायचं असं की प्लेटा गेल्या का, हे न उघडता कळतं का? गिअर ऑइल सगळं बदलायचं का, का नुसतं फिल्टरवर भागेल? ड्रायव्हर शपथेवर सांगतो की दांडी सोडली होती, आणि दांडी खाली होती हेही खरं आहे. मग ब्रेक लागलेला राहिला कसा? घरी द्राक्षाच्या फवारणीच्या ब्लोअरला मिनी ट्रॅक्टर आहे, त्याचे ब्रेक कोरडे आहेत. त्यावर असं झालं तर वेगळं काय बघायचं, तेही सांगा.

पाना_सतरा

भाऊ, ड्रायव्हरच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे.

आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरवर हँडब्रेक म्हणून वेगळा ब्रेक नसतोच. पायाचा ब्रेक दाबून धरणारा एक खटका असतो. पॅडल दाबायचं, दांडी ओढायची, खटका दात्यात बसतो आणि पॅडल खालीच राहतं. सोडताना पॅडल आधी किंचित आणखी दाबायचं, म्हणजे खटक्यावरचा भार जातो, मग दांडी सोडायची. दांडी खाली गेली म्हणजे फक्त खटका सुटला. पॅडल वर आणायचं काम रिटर्न स्प्रिंगचं आहे. पॅडल ज्या आडव्या शाफ्टवर फिरतं तिथलं बुश कोरडं पडलं, गंजलं की स्प्रिंग हरते आणि पॅडल बोट-दोन बोटं खालीच अडकतं. ब्रेक घासायला तेवढं पुरतं. दिवा किंवा इंडिकेटर असेल तर त्याचा स्विच बहुतेक दांडीलाच असतो, त्यामुळे तोही विझलेला. ड्रायव्हरला सगळं ठीकच दिसणार.

आपल्या भागात हे जास्त होतं, त्याला एक कारण बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं फवारणीचं औषध. मोरचूद लोखंडाला खातो. ब्लोअरचा फवारा पायदानाखाली जातो, वरून चिखल बसतो, आणि त्या शाफ्टचं ग्रीस निपल चिखलात गडप झालेलं असतं. ग्रीस मारणारा पुढच्या चाकाची निपलं शोधून मारतो, हे एक हमखास सुटतं.

बघायचं कसं? इंजिन बंद, जागा सपाट, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवायचे ठोकळे). दोन्ही पॅडल हाताने पूर्ण दाबून एकदम सोडा. खाडकन वर येऊन आपल्या स्टॉपरला टेकलं पाहिजे. सावकाश आलं किंवा शेवटचं बोटभर अंतर राहिलं, तर बुटाच्या टोकाने खालून उचलून बघा. उचलल्यावर आणखी वर जातंय? मग दोष शाफ्टचा नाहीतर स्प्रिंगचा, ड्रायव्हरचा नाही.

आता एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या. उजव्या नि डाव्या पॅडलची जोडपट्टी लावलेली होती का? उजवं तापलेलं, डावं कोमट आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढतंय, म्हणजे बहुतेक एकच पॅडल खटक्यात होतं. शेतात वळायला पट्टी काढतात आणि रस्त्यावर येताना लावायची राहते. खटका ज्या पॅडलवर आहे तेवढाच ब्रेक मग लॉक होतो. डावीकडचा कोमटपणा नुसता तेलातून आलेला असू शकतो. पट्टी लावलेली होती असं निघालं, तर मग दोन्हीकडचे ओढरॉड (पॅडलपासून ब्रेकपर्यंतचे रॉड) कमीजास्त आहेत.

आणखी एक. ब्रेक चाकाच्या हबमध्ये शोधू नका. तो आत, मधल्या हौजिंगला लागून आहे आणि त्याच्यापुढे शेवटचं रिडक्शन (वेग कमी करणारे गिअर) येतं. बरेच जण हबला हात लावून बघतात, गार लागतं, आणि काही झालं नाही असं समजून पुढे जातात.

गिअरपेटी

‘इतकं अंतर जाऊन कळलं कसं नाही’ असा प्रश्न पडतोच, त्याचा हिशोब मांडतो.

१३.६-२८ टायर एका फेऱ्यात साधारण ४ मीटर चालतो. फर्स्ट लोमध्ये ताशी अडीच किलोमीटर वेग धरला तर मिनिटाला ४२ मीटर, म्हणजे चाकाचे साडेदहा फेरे. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर इंजिनाचे सुमारे १९० फेरे आणि चाकाचा एक. घर्षणात थोडं जातं ते सोडलं तर इंजिनाचा जोर चाकावर जवळपास तेवढ्याच पटीने वाढून येतो. त्या जोरापुढे अर्धवट लागलेला ब्रेक म्हणजे काहीच नाही. बाजार समितीच्या रांगेत पुढे सरकताना म्हणूनच कोणालाच कळत नाही.

रस्त्यावर ताशी २५ ला हीच पट १९-२० वर येते. तिथे मात्र फरक कळायला हवा. वरचा गिअर टाकला की इंजिन दबतं, धूर काळा होतो, ॲक्सिलेटर नेहमीपेक्षा जास्त लागतो. पण ट्रॉली रिकामी, इंजिन ४५ एचपीचं, आणि ब्रेक १० एचपी खातोय असं धरलं, तर उरलेल्या ३५ मध्ये रिकामी ट्रॉली आरामात पळते. ड्रायव्हरला फार तर ‘आज जरा जड चालतोय’ इतकंच वाटेल.

ते १० एचपी जातात कुठे? सगळी उष्णता. १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट, म्हणजे पाणी तापवायचे दीड हजार वॅटचे पाच रॉड एका ब्रेकच्या पेटीत एकदम चालू. चाळीस लिटर तेलात ती उष्णता सगळीकडे सारखी पसरली, तरी तापमान मिनिटाला सहाएक अंशांनी चढेल. लोखंड थोडी शोषतं हे खरं. पण तेल सारखं मिसळत नाही. प्लेटांमध्ये अडकलेलं तेल आधी जळतं, बाकीचं नंतर तापतं. डिपस्टिकवरचं तेल काळपट दिसतंय ते यामुळे.

डिझेलही जातंच. १० एचपी फुकट खर्च होत असेल तर ताशी दोन लिटरहून थोडं जास्तच.

लालकांदा

एवढा बाऊ कशाला करताय? तेलातले ब्रेक आहेत, तेल बदला नि मोकळे व्हा. तापलं तर बादलीभर पाणी मारायचं, पाच मिनिटांत गार. ड्रायव्हर मंडळी रोज करतात.

पाना_सतरा

पाणी अजिबात नको. हौजिंग ओतीव लोखंडाचं आहे. बाहेरून एकदम आकसतं, आत गरम राहतं, आणि नेमकं बोल्टच्या भोकाशी तडकतं. तडकलं नाही तरी आतली गरम हवा आकसून ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा सीलच्या ओठावरून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं आणि तुमचा खर्च दुप्पट. सावलीत, न्यूट्रलला, ब्रेक पूर्ण सोडून, चाकांना उटी लावून तासभर उभा राहू द्या. गरम असताना हँडब्रेक परत लावू नका, प्लेटा आहे त्याच जागी चिकटायला वेळ मिळतो.

‘तेल बदला नि मोकळे व्हा’ हे अर्धंच बरोबर आहे. तेल का बदलायचं ते कळलं तर कधी बदलायची गरज नाही तेही कळतं.

या ट्रॅक्टरांत ब्रेक, गिअर आणि लिफ्ट यांचं तेल बहुतेक एकच असतं. प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं. ते जळून सुटलं की भुगा तेलात फिरतो आणि शेवटी हायड्रोलिकच्या फिल्टरमध्ये नाहीतर पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. पहिली तक्रार म्हणून ब्रेकची येत नाही, लिफ्टची येते. सकाळी गार असताना लिफ्ट हळू उचलते, पंप कुंईकुंई करतो. पंधरा दिवसांनी लिफ्ट दाखवायला नेतात आणि मध्ये तापलेल्या ब्रेकचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून आधी नमुना घ्या. लिफ्ट पूर्ण खाली, इंजिन बंद करून दहा मिनिटं, ट्रॅक्टर सपाट. ड्रेन प्लगमधून कपभर तेल पांढऱ्या पारदर्शक काचेच्या बरणीत घ्या, शेजारी दुसऱ्या बरणीत नवं तेल, आणि रात्रभर ठेवा. सकाळी वास घ्या, तळ बघा. प्लग चुंबकाचा असेल तर त्यावरचा गाळही बघा. राखाडी पेस्ट थोडी असणं नेहमीचं, चकचकीत कपच्या नाही. मग फिल्टर काढून त्याचं कागद कापून उलगडा. तपकिरी, ओल्या कागदाच्या लगद्यासारखं काही सापडलं तर ते प्लेटांचं अस्तर. लोखंडी चमक जास्त असेल तर प्रकरण वेगळं, ते गिअरकडे जातं.

वास जळका आहे किंवा लगदा आहे, तर तेल पूर्ण बदला, फिल्टर नवा, पंपाची जाळी काढून डिझेलने धुवा. वास नाही, लगदा नाही, नुसता रंग थोडा गडद, तर फिल्टर बदला आणि तेल त्याच्या ठरल्या तासापर्यंत चालू द्या. तेल किती लिटर ते पुस्तिकेतून बघा, मॉडेलप्रमाणे बराच फरक पडतो. आणि पुस्तिकेत जो ग्रेड लिहिलाय तोच. पैसे वाचवायला साधं ९० नंबर गिअर ऑइल टाकू नका. तेलातल्या ब्रेकसाठीच्या तेलात घर्षण नीट राहावं म्हणून वेगळे पदार्थ घातलेले असतात. ते नसतील तर ब्रेक दाबल्यावर मागून गुरगुर येते, ट्रॅक्टर थरथरतो, आणि थंडीत लिफ्टही सुस्त होते.

कादवाकाठ

जोडपट्टी काढलेलीच निघाली. नांगरटीनंतर लावलीच नव्हती. उजवं पॅडल सोडल्यावर दोन बोटं खाली राहतं, बुटाने उचललं की वर जातं. तेल बरणीत ठेवलंय. प्लेटा आत अडकल्यात का हे जॅकवर कसं बघू?

पाना_सतरा

ट्रॉली आधी सोडा. पुढच्या चाकांना पुढूनमागून उटी, दोन्ही गिअर दांड्या न्यूट्रलला, उजव्या ट्रम्पेटखाली (मधल्या हौजिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलच्या नळीखाली) जॅक. ड्रेन प्लगच्या आसपास जॅक टेकवू नका. चाक जमिनीपासून दोन बोटं सुटलं की ट्रम्पेटखाली लाकडी ठोकळा सरकवा आणि मगच हात घाला. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाक फिरवायचं नाही.

मग तीन गोष्टी, याच क्रमाने. एक, पॅडल आहे तसं ठेवून चाक हाताने फिरवा. दोन, पॅडल बुटाने वर उचलून धरा आणि परत फिरवा. तीन, दुसऱ्याला पॅडल दाबायला सांगा, चाक थांबेल, सोडायला सांगून पॅडल वर धरा आणि लगेच फिरवा.

तेलात असल्यामुळे चाक सायकलसारखं गरगरा फिरणार नाही, जडच फिरेल. बघायचं ते हे की पूर्ण फेऱ्यात जडपणा सारखा आहे का. पॅडल वर उचलल्यावर चाक मोकळं होत असेल तर आत सगळं ठीक आहे, दोष शाफ्टचा. पॅडल वर असूनही चाक धरून राहत असेल तर आतल्या प्लेटा वाकल्या किंवा दाबणारी ताटली परत सरकत नाही, मग हौजिंग उघडण्याशिवाय मार्ग नाही. फेऱ्यात एकाच ठिकाणी अडकत असेल तर प्लेट वाकली असं धरा. डाव्या बाजूला हेच करून तुलना करा. दोन्ही बाजूंत फरक किती, तेच महत्त्वाचं.

तुमच्या मॉडेलला पॅडलखाली मास्टर सिलिंडर असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. चाक धरलेलं असताना त्या बाजूचं ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचं तोंड) अर्धा फेरा सैल करा. थोडं तेल उडून चाक मोकळं झालं, तर दाब वरच अडकलाय, सिलिंडर किंवा पॅडलचा मोकळा खेळ बघा. तरीही मोकळं झालं नाही तर आतच काहीतरी.

घडकूज

कोरड्या ब्रेकचं मी लिहितो, ब्लोअरच्या मिनी ट्रॅक्टरवर हेच काम जास्त येतं.

आधी फायदा सांगतो: भुगा तेलात जात नाही, लिफ्टला काही होत नाही. तोटा असा की तेल नसल्यामुळे उष्णता नेणारं काहीच नाही. तेलातल्या ब्रेकला जे अर्ध्या तासात होतं ते याला काही मिनिटांत होतं. बागेत नऊ-दहा फुटांच्या ओळीत फर्स्ट-सेकंड गिअरला फवारणी चालते, वेग कमी, गिअरपेटीभाऊंनी वर मांडलेली पट मोठी. ड्रायव्हरच्या नाकाला औषधाचा वास, कानाला ब्लोअरचा आवाज. जळलेला वास कळणार कसा? ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या एकामागून एक असतात, तेव्हा दोन ओळी संपल्या की उतरून हौजिंगजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघायची सवय लावा. तळहात नको, चिकटतो.

कोरडा ब्रेक ओळखायला हौजिंगच्या खाली छोटं भोक बघा. त्यातून तेल ठिबकत असेल तर सील गेलंय. ब्रेक तापल्यावर हे हमखास होतं. उष्णतेने सीलचं रबर कडक होतं, आतलं गिअर ऑइल लायनरवर (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर) येतं, मग ब्रेक लागत नाही, किंवा एकाच बाजूचा लागतो आणि ट्रॅक्टर फिरतो. ते भोक चिखलाने बुजलं असेल तर काडी घालून मोकळं करा, नाहीतर ठिबक बाहेर दिसणारच नाही आणि तेल आत साचेल.

उघडलं तर काय बघायचं:

लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल आणि जाडी शिल्लक असेल, तर जाड पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर हलक्या हाताने फिरवून चकाकी काढता येते. रिबिट पृष्ठभागाच्या जवळ आले असतील, चिरा असतील किंवा तेल मुरलं असेल तर नवं टाका. तेल मुरलेलं लायनर डिझेलने, पेट्रोलने धुवून बसवणारे आहेत. पहिले चार दिवस चालतं, तापलं की आतलं तेल परत वर येतं. आणि एका बाजूचं बदलायचं असेल तर दोन्ही बाजूंचं बदला, नाहीतर ब्रेक कायम ओढत राहणार.

मधल्या ताटल्यांमध्ये पोलादी गोळ्या असतात, त्या उतरत्या खोबणीत चढून ताटल्या फाकवतात. खोबणीत खड्डा पडला की गोळी त्यात बसते आणि ब्रेक सोडल्यावर खाली येत नाही. पॅडल वर, शाफ्ट गुळगुळीत, तरी ब्रेक धरलेला, याचं कारण इथे असतं. ताटल्या एकत्र ओढणाऱ्या स्प्रिंगा निळसर झाल्या असतील तर त्यांचा ताण गेला, बदला. त्या स्वस्त असतात, जुन्या परत लावण्यात अर्थ नाही. खोबणीत उष्णता सोसणारं ग्रीस बोटाला लागेल इतकंच. जास्त लावलं तर उडून लायनरवर जातं.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या.

सावळघाट

हे सगळं वाचून उद्या कोणी हँडब्रेक लावायचंच सोडेल, म्हणून लिहितो. पेठ रोडला सावळ घाटात चढावर उभा राहिलेला ट्रॅक्टर नुसत्या गिअरवर ठेवू नका. आणि जोडपट्टी न लावता एकाच पॅडलचा खटका ओढून न्यूट्रलला ठेवला तर तो ब्रेक लावल्यासारखा दिसतो इतकंच. डिफरन्शियलमुळे दुसरं चाक मोकळं आहे, ट्रॅक्टर त्या धरलेल्या चाकाभोवती फिरतो. जोडपट्टी लावा, हँडब्रेक, इंजिन बंद करून चढावर पुढचा खालचा गिअर, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स, आणि ट्रॉली भरलेली असेल तर ट्रॉलीच्या चाकाला उटी वेगळी. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुतेक नसतो, तिचा सगळा भार दोन टनी ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर येतो.

निघताना मात्र हे करा. क्लच दाबून न्यूट्रलला स्टार्ट, मग दोन्ही पॅडल दाबा, दांडी सोडा, पाय उचला आणि खाली वाकून पॅडल वर आलं का ते डोळ्याने बघा. मग फर्स्ट लो, ॲक्सिलेटर न देता क्लच सावकाश सोडा, दोन-चार फूट जाऊ द्या आणि क्लच परत दाबा. सपाट जागेवर ट्रॅक्टर थोडा पुढे ओघळून थांबला पाहिजे. क्लच दाबताच जागच्या जागी थबकला तर ब्रेक लागलेला आहे. याला हत्यार लागत नाही, अर्धा मिनिट लागतो.

दुसरं, ‘ब्रेक लागल्यासारखा जड’ वाटण्याची दोन कारणं ब्रेकची नसतातच. फोर-व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर चालू राहिला तर पुढची नि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. वळणावर ट्रॅक्टर बांधल्यासारखा वाटतो, दांडी सुटत नाही, थोडं रिव्हर्स घेतलं की सुटते. आणि डिफरन्शियल लॉकचं पॅडल खाली अडकलं तर सरळ रस्त्यावर काही नाही, वळताना मात्र स्टिअरिंग ऐकत नाही आणि आतलं मागचं चाक घासतं. कादवाकाठभाऊंच्या बाबतीत एकच बाजू तापलीय, म्हणून ही दोन्ही कारणं बाद.

विसरणं टाळायला बझर करून घ्या. नुसता दांडीला स्विच जोडला तर इंजिन चालू ठेवून उभ्याने ब्लोअरची टाकी भरतानाही तो कोकलत राहतो आणि चार दिवसांत ड्रायव्हर वायर उपटतो. म्हणून दोन स्विच लागोपाठ जोडा. इग्निशनचा प्लस, ५ अँपियर फ्यूज, पॅडलवरचा स्विच, क्लच पॅडलवरचा स्विच, १२ व्होल्ट बझर, मग चेसिसला अर्थ. ब्रेक दाबलेला आणि क्लचही दाबलेला असेल तेव्हाच वाजतो, म्हणजे नेमका गिअर टाकायच्या वेळी. पहिला स्विच दांडीला नाही, पॅडललाच लावा, पॅडल अर्धवट अडकलं तरी कळेल. पाय ब्रेकवर असतानाही वाजेल, ते चालतं. क्लचला स्टार्टरच्या सुरक्षेचा स्विच आधीपासून असेल तर त्याच्यातून वायर ओढू नका, आपला वेगळा लावा.

गिअरपेटी

क्लचही बघून घ्या. ब्रेक लागलेला असताना रांगेत निघायचं म्हणजे प्रत्येक वेळी क्लच घसरवत निघायचं. मोकळ्या जागेत जोडपट्टी लावून दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर, इंजिन मध्यम रेसवर, आणि क्लच सोडा. इंजिन दोन-तीन सेकंदांत बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच, परत परत करून प्लेट जाळू नका.

कादवाकाठ

जॅकवर बघितलं. पॅडल खाली अडकलेलं असताना उजवं चाक हलेना, उचलून धरलं की डाव्याइतकंच फिरतंय, कुठे अडकत नाही. बरणीतल्या तेलाला हलका जळका वास आहे, तळाशी काही नाही. फिल्टर कापला तर घडीत थोडा तपकिरी लगदा आहे, चमचाभर नाही, पण आहे. क्लच ठीक, इंजिन लगेच बंद पडलं. हौजिंग उघडू का नको?

पाना_सतरा

आत्ता उघडू नका. चाक मोकळं फिरतंय म्हणजे प्लेटा सरळ आहेत. लगदा आहे म्हणजे अस्तराचा वरचा थर गेलाय, किती ते ब्रेक सांगतील. तेल, फिल्टर, जाळी मात्र आत्ताच.

काम करताना क्रम चुकवू नका. आधी आडवा शाफ्ट. पॅडल बाहेर काढा, शाफ्टवरचा गंज पॉलिश पेपरने साफ करा, बुश ढिलं असेल तर नवं, ग्रीस निपल काढून भोकातला सुकलेला चिखल तारेने मोकळा करा आणि दुसऱ्या टोकातून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. रिटर्न स्प्रिंग डाव्या बाजूच्या स्प्रिंगशेजारी धरून बघा. लांबी जास्त भरली तर ताणली गेलीय, बदला. पॅडल खाडकन वर यायला लागल्याशिवाय ओढरॉडच्या नटला पाना लावायचा नाही. अडकलेल्या पॅडलवर रॉड जुळवला तर शाफ्ट मोकळा झाल्यावर सगळा हिशोब उलटतो.

मग दोन्ही पॅडलचा मोकळा खेळ पुस्तिकेतल्या मापात आणि एकमेकांशी सारखा करा. जोडपट्टी लावून कोरड्या मुरमाच्या सपाट रस्त्यावर, ट्रॉलीशिवाय, ताशी दहाच्या आसपास वेग घेऊन क्लच आणि ब्रेक एकदम दाबा. उतरून दोन्ही चाकांच्या घसटीच्या खुणा पावलांनी मोजा. उजवी खूण आखूड आली तर उजवा रॉड एकदम कसू नका, नटचा अर्धा फेरा आणि परत खूण. दोनदा-तीनदा कसूनही उजवी बाजू मागेच राहिली, किंवा दाबल्यावर गुरगुर आली, तर अस्तर गेलंय, तेव्हा उघडा.

५० तास चालल्यावर फिल्टर पुन्हा काढून कापा. घडी स्वच्छ निघाली तर विषय मिटला. परत लगदा दिसला तर उजवं हौजिंग उघडा, लिफ्ट चांगली चालत असली तरीही.

आणि लॉकनट. रॉड जुळवल्यावर रॉड एका पान्याने धरून लॉकनट दुसऱ्या पान्याने कसा. एकाच पान्याने कसलं तर रॉड सोबत फिरतो, जुळवलेलं माप जातं, आणि ते कळतं थेट पुढच्या वेळी तापल्यावर.